कुमुदला वालावल दाखवायचं होतं

२ मे ५९, शनिवार

आले. शेजारचे आप्पा, काकी आणि त्यांची कुमुद, मुंबईहून. बोट दोन तास उशिरा लागली. मी सकाळपासून बंदरावर. आमच्या होडी-सामानाच्या दुकानात सांगून निघालो होतो की डांबराचे डबे यायचेत. डबे गेल्याच आठवड्यात आले आणि भाऊंनीच ते उतरवून घेतले. तरी काही बोलले नाहीत. भाऊ म्हणजे माझा बाप, जानेवारीपासून माझ्याशी बोलतच नाही. दुकानातल्या गड्याला सांगतो, "त्याका सांग काथो जोखूक." तो म्हणजे मी, समोर तीन हातांवर उभा.

बोटीवरून माणसं आणणारा पडाव वाळूला टेकायच्या आधीच कु.ने साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यातून स्वतःच चालत आली. मागून काकी ओरडतायत, "गो, रव मगे, पडशीत!" वर्षभरात ती... काय लिहू. मी ट्रंक घ्यायला पुढे झालो. पहिलं वाक्य काय, तर "काय रे बाळ, कॉलेज सोडलंस म्हणे?" सगळ्या बंदरासमोर.

म्हटलं, "कॉलेजने मला सोडलं."

हसली नाही. ट्रंक मात्र दिली.

३ मे, रवि.

गेल्या वर्षीचं लिहून ठेवतो, नाहीतर पुढेमागे मलाच वाटायचं की मी मनाने रचलं.

मे संपत आला होता. आमच्या आणि त्यांच्या परसात मिळून एकच बाव. ती कळशी भरत होती, मी उगाच रहाटाशी. म्हणाली, "मुंबईत मैत्रिणी विचारतात, तुझ्या गावाकडे बघण्यासारखं काय? मी सांगते, वालावल. होडीतून खाडीने जायचं, मग माड, मग देऊळ, मग तळं. अगदी पाहिल्यासारखं सांगते. आणि मी पाहिलेलंच नाही रे. नेशील पुढच्या वर्षी?"

"नेईन."

एवढंच. ह्या एका शब्दावर कोल्हापूरला गेलो आणि ह्याच शब्दापायी परत आलो. लॉजिकच्या वहीत कर्लीच्या खाडीचा नकाशा काढत होतो, देवबागेपासून वालावलपर्यंत, वळणन्‌वळण. प्रोफेसरांनी वही उचलून वर्गाला दाखवली. "हे बघा, आमचे दर्यावर्दी." वर्ग हसला. मी वही ओढली. ओढताना ते खुर्चीवरून पडले. माफी माग म्हणाले. नाही मागितली. दुसऱ्या दिवशी वळकटी बांधली.

नकाशा अजून आहे.

५ मे, मंगळ.

देवबागला चालत जाऊन आलो. जानू तांडेलाची होडी मिळते. मोठी, दहा माणसं आरामात. डांबर-सूत तो आमच्याकडूनच नेतो. जाळं सांधत बसला होता. वर न बघता म्हणाला, "वालावलीक कित्याक? थंय मासो नाय."

"सहल."

"म्हणजे?"

"म्हणजे बघूक जावचा. देवूळ, तळा."

"आनी मगे?"

"मगे परत येवचा."

जाळं मांडीवरून खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "कॉलेजात ह्याच शिकयतत?"

मग शिकवलंन मात्र. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे सहा, सहाला भरती. जाताना भरतीवर चढायचं, येताना ओहोटीवर उतरायचं. उलट केलंस तर वल्ही मारून हात तुटतील आणि बायकामाणसांसकट चिखलात बसशील.

रविवार २४, वद्य द्वितीया. भरती दीडला. आठाला देवबागेहून सुटायचं, बाराच्या आत वालावल, दोनला परत फिरायचं. म्हणजे तिथे दोन तास. देऊळ, जेवण, तळं.

तळ्याशी मला दहा मिनिटं पुरतील.

७ मे, गुरु.

इथे बोलता येत नाही. बावीवर कोणी ना कोणी असतंच, नसलं तर काकी खिडकीत. मुलीला एकटीला कुठे नेण्याची गोष्टच नको. म्हणून सगळ्यांनाच न्यायचं. आप्पांना विचारायचं. घोळका असला की घोळक्यात दहा मिनिटं सापडतात.

आईला सांगितलं. म्हणाली, "इचारताना त्वांड सांभाळ हां. तुजा डोक्या म्हणजे तापलेला त्याल." कोणासाठी चाललंय ते तिने विचारलं नाही. भाकरी थापताना सहज म्हणाली, "कॉलेज सोडलेल्याक चेडू कोण देतलो रे?"

तांब्या भिरकावला. अंगणात जाऊन पडला, पोचा आला. आईनेच उचलून आणला आणि त्यातूनच मला पाणी दिलं.

१० मे, रवि. अक्षयतृतीया

गेलो. आप्पा पडवीत झोपाळ्यावर, पुढ्यात फणसाचे गरे. मुंबईला गोदीत हेडक्लार्क, त्यामुळे गावातही माणसाकडे अर्जासारखं बघतात. मी बेत सांगितला.

गरा हातातच राहिला. "वालावलीक?" काकींकडे पाहिलं. काकींनी आप्पांकडे. "कोणाच्या डोक्यातला ह्या?"

"माझ्याच."

"वालावलच कित्याक पण?"

"तळं चांगलं आहे."

वाटलं, आता शिक्षणाचं काढणार. तर खूश झाले! पाय टेकून झोपाळा थांबवला. तारीख विचारली, होडी कोणाची, भरती कधी, माणसं किती. "बरा सुचला हां तुका. माका एक पत्र घालूक होया. उत्तर येवंदे, मगे नक्की सांगतंय." ऑफिसातून रजा वाढवून घ्यायची असेल.

कु. आत दाराशी उभी होती. मी गऱ्यांना हात घातला तशी निघून गेली.

१४ मे, गुरु.

चार दिवस. आप्पांचं पत्र गेलं, उत्तर नाही.

दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय बाळ, कोल्लापूराक काय शिकलंस? दोरयेक गाठ तरी मारूक येता?" सुताचा गुंडा फेकला मी. त्याच्या कानाजवळून गेला. भाऊ उठले. "घराक जा." दोन शब्द. चार महिन्यांतले पहिले, तेही मला घालवून देण्यासाठी.

समजा तळ्याशी पोचलो. सांगायचं काय? की मी दिवसभर काथ्या जोखतो, बाप बोलत नाही, इंटर अर्धवट, आणि तू मला हो म्हण? मी तिच्या जागी असतो तर हसलो असतो. ती हसणारही नाही, हे आणखी वाईट.

१६ मे, शनि.

उत्तर आलं. आप्पा स्वतः दुकानात आले, भाऊंसमोर म्हणाले, "बाळाचो बेत मंजूर हां. येतंव आमी. माजो थोरलो भाव आनी वयनी पण येतीत कणकवलीसून."

एका सहलीसाठी कणकवलीहून? येऊ देत. होडी मोठी आहे.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आजारी माणसाकडे बघतात तसं. का ते कळलं नाही. दुपारभर काथ्या जोखला, एकदाही चुकलो नाही.

१९ मे, मंगळ.

काकींची तयारी बघून थक्क. पाच नारळ, खण, पेढ्यांचा पुडा. कु.ची हिरवी रेशमी साडी अंगणात उन्हाला घातलेली. म्हटलं, "काकी, देवाला एक नारळ पुरे की."

"देवाच्या दारात रित्या हातान जातत काय रे? तुका काय कळता?"

कु. तीन दिवस बावीवर आली नाही. आज आली. डोळे सुजल्यासारखे. विचारलं, "होडीची भीती वाटते का?"

"सगळं तूच ठरवलंस ना?"

"हो. मीच."

"तारीखही?"

"तारीख, होडी, भरतीची वेळ, सगळं."

"बरं." कळशी अर्धीच भरून घेऊन गेली.

बरं म्हणजे काय? मी आनंदाने सांगत होतो. वर्षभराचा आनंद होता तो.

२३ मे, शनि.

उद्या. बोलायची वाक्यं पाठ करतोय.

पहिलं: कुमुद, मी जूनमध्ये पुन्हा कॉलेजात जाईन, माफी मागेन, तू दोन वर्षं थांबशील?

दुसरं: कुमुद, आपण... ह्याच्या पुढे येतच नाही.

तिसरं असं की काही बोलायचंच नाही, तळं दाखवायचं आणि तिला कळेल. हे भित्र्याचं.

पहिलंच. माफी मागायची कल्पना केली तरी मस्तक फिरतं, पण मागेन. उद्या बोललो नाही तर जन्मभर काथ्या.

२४ मे, रवि.

जाऊन आलो.

२५ मे, सोम.

काल हात चालला नाही. आज लिहितो, कोणाला तरी सांगायला हवं आणि कोणी नाही.

होडी बरोबर आठाला सुटली. भरती हिशेबाप्रमाणे, जानूला वल्हं रेटावं लागलं नाही. कांदळवनाच्या कडेने बायका कमरभर पाण्यात मुळे-शिंपले काढत होत्या, त्यांनी हात केले. मी वळण येईल तसं नाव सांगत होतो. कु. पुढच्या टोकाला नाळेवर, माझ्याकडे पाठ करून. एकदाही वळली नाही. शेवटी काकीच म्हणाल्या, "गप रव मरे बाळ, बाराखडी म्हणतंस काय?" सगळे हसले. बरोबर आलेली आई मात्र हसली नाही.

पावणेबाराला धक्का. तिथे पाच-सहा माणसं उभी. मला वाटलं, दुसऱ्या कोणाची वाट बघतायत. त्यातल्या एकाने आप्पांचा हात धरून उतरवलं. अठ्ठावीस-तिशीचा, पांढरी पँट, चष्मा. आप्पा म्हणाले, "ह्यो आमचो बाळ. ह्याच्यामुळा आजचो योग इलो." तो मला नमस्कार करतो! मीही केला. तरी डोक्यात प्रकाश नाही. ओळखीचे लोक, देऊळ दाखवायला आले असतील. माझं सगळं लक्ष तळं कुठल्या बाजूला आहे तिकडे.

देवळात गेलो. नारळ ठेवला. त्यांच्यातला एक म्हातारा, चांगला ऐंशीचा, पुढे होऊन देवाला गाऱ्हाणं घालायला लागला. गाऱ्हाणं मी जन्मल्यापासून ऐकतोय. होडी पाण्यात ढकलताना, पेरणीआधी, माझ्या मॅट्रिकच्या वेळी. शब्द कोण ऐकतो? घालणारा सुरात म्हणत जातो, शेवटाला आवाज चढवतो, की आपण म्हणायचं, व्हय म्हाराजा. झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

"बा देवा म्हाराजा! आज ही लेकरा खाडयेतसून तुज्या दारात इली, त्येंका सुखरूप हाडलंस, रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा. मी सगळ्यांत मोठ्याने. मला खरंच देवाचे उपकार मानायचे होते. हिरव्या साडीकडे बघत होतो.

"ह्यो नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे, काय चुकलामाकला आसात ता पदरात घे, रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा.

"आनी ह्या चेडवाचो नि आमच्या मुकुंदाचो जोडो तू जुळयलंस, तो येत्या मार्गशीर्षात तडीस ने, मधी कोण आडवो इलो तर तेका दूर कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज आधी गेला. शब्द मागून कानात आले. माझा आवाज सगळ्यांच्या वर, घुमला. आप्पांनी वळून माझ्याकडे पाहून मान डोलावली, शाबास म्हणून.

कु. खाली बघत होती. तिने म्हटलं की नाही, ऐकू आलं नाही. माझ्याच ओरडण्यात.

२६ मे, मंगळ.

पुढचं. संपवून टाकतो.

जेवण त्यांच्या घरी. पानावरून उठलो, पोटात दुखतं सांगून. मग सगळे तळ्यावर. म्हातारी मंडळी पायऱ्यांवर बसली. आप्पांच्या भावाने सुचवलं, मुकुंद नि चेडू जरा फिरान येवंदेत. काकी म्हणाल्या, "दोघांकच कशी सोडूची?" तर आप्पा म्हणतात, "बाळ आसा मरे वांगडा!"

म्हणजे मी राखण.

तळ्याच्या काठाने तिघं. ती मधे. मुकुंद मुंबईला इन्शुरन्समध्ये. पाणी किती खोल असेल, मासे असतील का, मला विचारत होता. मी सगळी उत्तरं दिली, वर्षभर हेच तर शिकलो. मग म्हणाला, "ऊन फार आहे, शहाळी आणतो," आणि गेला. मला माझी दहा मिनिटं मिळाली. त्याने दिली.

ती म्हणाली, "तळं चांगलं आहे."

"मला माहीत नव्हतं."

"काय?"

"हे. मुकुंद. आप्पांचं पत्र. काहीच."

दिवसभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. "तारीख तू दिलीस. होडी तू आणलीस. आत सगळ्यांत मोठ्यांदा तूच ओरडलास."

"ते तोंडातून गेलं. सवयीने..."

"मुंबईहून निघताना आप्पा म्हणाले होते, वालावलीचं एक स्थळ आहे, जमलं तर बघू. जमलं तर. मग तू झोपाळ्यासमोर उभा राहून वालावल म्हणालास. मला वाटलं, तुला कळलंय, आणि तू सांगतोयस की जा."

मी कुमुद म्हटलं. पाठ केलेलं पहिलं वाक्य तोंडात आलं होतं. मुकुंद आला. शहाळी तीन. तिसरं माझं, तासून, वर भोक पाडून.

चांगला माणूस आहे. वाईट असता तर बरं झालं असतं, ढकलला असता पाण्यात.

धक्क्यावर आलो. होडीत पाय टाकवेना. ती हिरवी साडी आणि तो चार तासांचा रस्ता समोरासमोर. कपड्यांसकट खाडीत उडी मारली, पलीकडच्या काठाकडे पोहत सुटलो. जानू बोंबलतोय, "मेल्या, वहट लागली हा! खंय चललंस, दर्यात?" ओहोटीने ओढायला लागलं तेव्हा कळलं, की मला मरायचंही नव्हतं. तेवढीही हिंमत नाही. परत फिरलो. धक्क्यावर मुकुंद टॉवेल घेऊन उभा. "काय पोहता हो तुम्ही!"

टॉवेल त्याचाच. घरी आलाय. आईने धुऊन घडी करून ठेवला. बघवत नाही.

२८ मे, गुरु.

आईला माहीत होतं. अक्षयतृतीयेच्या दुसऱ्याच दिवशी काकींनी सांगितलं. भाऊंनाही.

"माका कित्याक सांगलंस नाय?"

"सांगलंय असतंय तर तू आप्पाच्या पडवेत जावन तमाशो केलो असतंस."

"केला असता! मग?"

"मगे काय? चेडवाचा नाव खराब झाला असता. तुजा काय, तू कोल्लापूरसून पळान इलंस, थंयसून खंय तरी पळालो असतंस. तिना खंय जावचा?"

म्हटलं, "ते व्हय माझं नव्हतं."

"त्वांड तुजाच होता मरे." मग जरा मऊ होऊन, "देवाम्होरा म्हटला ता म्हटला. आता गप रव."

दुपारी देवबाग. जानूला विचारलं, गाऱ्हाण्यात होय म्हटलेलं मागे घेता येतं का. त्याने सुई थांबवली. म्हणाला, "माज्या बापाशीन एकदा होडी इकूक व्हय म्हटल्यान. सगळ्या गावाम्होरा. मगे इकूक नाय."

"मग काय झालं?"

"काय नाय. होडी बुडूक नाय, कोण मरूक नाय. पण बापूस मरेसर त्या देवळात गेलो नाय. लाज वाटा तेका." आणि पुन्हा जाळं.

हा धीर होता की धमकी? परत येताना वाळूत तीनदा बसलो.

३० मे, शनि.

मोसमातली शेवटची बोट. ट्रंका मीच उचलल्या, दुसरं कोण. बंदरावर आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेत आखूचो तर तुज्यासारखो. मार्गशीर्षातल्या वऱ्हाडाच्या होड्ये तूच बघ हां बाळ. तुज्याइतकी खाडी कोणाक ठावक नाय."

मी ट्रंकेची दोरी पुन्हा आवळायला घेतली. आप्पा भाऊंकडे वळले, "काय रे, बघात मा?"

भाऊ म्हणाले, "त्येका इचार. त्येचा तो सांगात."

आप्पांना ते नीट कळलं नाही, मलाही. पडाव हलला. म्हणाले, "बरा, बरा, कळव सावकाश."

कु. आप्पांच्या पलीकडे बसली होती. मी वाळूवर. बोटीपर्यंत पडाव पोचायला पाव तास लागतो. पाव तास तिची पाठ.

९ जून, मंगळ.

बंदर बंद. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या. दुकानात गिऱ्हाईक नाही.

डोक्यात दिवसभर एकच. म्हातारा म्हणतो, मी म्हणतो. म्हातारा म्हणतो, मी म्हणतो. दर वेळी ठरवतो की ह्या खेपेला तोंड मिटून ठेवीन, आणि दर वेळी आवाज जातोच.

तिला चार पत्रं लिहिली, चारही चुलीत. त्यांच्या घरी टपाल आप्पा फोडतात. कॉलेजला माफीचं पत्र एक. तेही चुलीत. कोणासाठी मागू आता माफी.

आई म्हणते, जेव. जेवतो.

२२ जून, सोम.

आज जोडकार्ड आलं, उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं. आप्पांचं, दुकानाच्या पत्त्यावर. भाऊंनी वाचलं आणि गल्ल्यावर माझ्यासमोर सरकवलं.

अक्षर कु.चं. आप्पांची पत्रं तीच लिहिते. चि. बाळ यास अ. आ., मार्गशीर्षातल्या कार्यास तीन होड्या लागतील, तू बघणार असशील तर जानू तांडेलास आताच सांगून ठेव, नसशील तर आम्ही कुडाळच्या बाजूने मोटारीचं बघू, सोबतच्या कार्डावर उलट टपाली कळव. खाली आप्पांची सही. सहीच्या खाली, जिथे कार्ड संपतं तिथे, आडवं, बारीक:

मी देवळात म्हटलं नव्हतं. ओठ मिटून होते. कु.

उघडं कार्ड. पोस्टमनने वाचलं असेल. भाऊंनी तर वाचलंच.

कितीदा वाचलं मी. सुख व्हायला हवं होतं. झालं ते हे, की घोळक्यात एकटी तीच गप्प राहिली आणि तिच्यावर ओरडणारा मी. तिला माहीत होतं काय मागतायत. मला ऐकायचीही गरज वाटली नाही. आणि असल्या माणसाला तिने हे कळवलं. का कळवलं? मी काय करावं म्हणून? मार्गशीर्षाला पाच महिने आहेत. कॉलेज, नोकरी, आप्पा, देव, मुकुंदाचा टॉवेल, सगळं त्या पाच महिन्यांत. कुठून सुरू करू?

उत्तराचं कार्ड फाडून वेगळं केलं. पत्ता तिनेच घालून ठेवलाय. मी काहीही लिहिलं तरी आप्पा आधी वाचणार, मग तिला देणार फाइलला लावायला.

लिहिलं: ती. आप्पांस सा. न. वि. वि.

त्याच्यापुढे टाक दोनदा वाळला. टपाल तीनला निघतं. आता सव्वादोन.

भाऊ जेवायला गेलेले नाहीत. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. काथ्याच्या वेटोळ्यावर बसले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "लिही सावकाश. मी आसंय हंय."